फोमच्या रेडिएटरची ऊब

मी एक रेडिएटर बोलतोय. थांबा, शेकायला हात पुढे करू नका. आधी ऐकून घ्या.

न्यूयॉर्कात थंडीच्या दिवसांत घर तापवायला खिडकीखाली लोखंडी फासळ्यांचा एक प्राणी बसवलेला असतो. पोटात वाफ भरली की धडधडतो, मालकाने वाफ बंद केली की मढ्यासारखा गार पडतो. मी त्याच्या जातीचा दिसतो खरा, पण माझ्या अंगात लोखंडाचा कण नाही. मी फोमचा. एका जुन्या गादीच्या पोटी जन्मलो, त्यामुळे स्वभावाने जरा झोपाळू आहे. मला पाठीला चेन आहे आणि आत एक माणूस मावतो.

माझी जन्मदात्री कॉन्सेटा. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर विनोदी स्किटांचा एक कार्यक्रम थेट दाखवत, त्याच्या सामानघरात ती पोशाख आणि खोट्या वस्तू बनवायची. मधल्या वारी कुणीतरी काहीतरी खुळचट लिहायचं आणि शनिवारपर्यंत कॉन्सेटाने ते उभं करायचं, असा तिथला रिवाज. कशाला, असं तिने कधी विचारलं नाही. माझं माप तिने स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवरून घेतलं. त्याच्यावर तिच्या नवऱ्याचा पायमोजा कायम वाळत पडलेला असे, म्हणून माझ्याही खांद्यावर तिने एक लाल पायमोजा शिवून टाकला. मोज्याशिवाय रेडिएटर म्हणजे मिशीशिवाय हवालदार, असं तिचं मत.

मला लिहिणारा माणूस गस कलूडिस. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, आणि नशिबाने असा फाटका की त्याचं एकही स्किट त्या मोसमात पडद्यावर पोचलं नव्हतं. तिथे वेळेपेक्षा जास्त स्किटं तयार करत. दुपारी खऱ्या प्रेक्षकांपुढे रंगीत तालीम व्हायची. मग निर्माता वॉल्टर आपल्या खोलीतल्या फळीवर टोचलेल्या जादा स्किटांच्या चिठ्ठ्या काढून टाकायचा. गसची चिठ्ठी आधी निघायची. पुढे पुढे ती लावतानाच सैल टोचत.

या खेपेला मात्र वॉल्टरने त्याला बजावलं होतं, की मोसम संपेपर्यंत तुझं एक तरी स्किट टीव्हीवर गेलं नाही, तर तुझा करार संपला. करार संपला की गसने जायचं कुठे, हेही ठरलेलं होतं. त्याच्या सासऱ्याचा न्यूअर्कमध्ये ऑलिव्हच्या बरण्या भरण्याचा कारखाना होता. जावयाच्या नावाचा एप्रन शिवून, वर निळ्या दोऱ्याने 'गस' असं काढून, सासऱ्याने तो खुंटीला लावून ठेवला होता. दर रविवारी जेवायला बोलवायचा आणि खुंटीसमोरच्या खुर्चीत बसवायचा.

हे मला कसं कळलं? गस माझ्या पोटात बसून बोलायचा. फोमला शोषून घ्यायची सवय असते.

माझं स्किट असं होतं. एक नवराबायको भांडतायत आणि खिडकीखालचा रेडिएटर, म्हणजे मी, म्हणजे आतला गस, मध्येच तोंड घालतो. नळ साऱ्या इमारतीतून फिरलेले, त्यामुळे त्याला घराघरातली भानगड माहीत. तो म्हणतो, "खालच्यांना नीट ऐकू जात नाहीये. जरा इकडे सरकून भांडा."

रंगीत तालमीत या वाक्याला प्रेक्षक चांगले हसले. दुसऱ्या रांगेत तर एक बाई डोळे मिटून, रुमालात तोंड खुपसून हसल्या. त्या मिरियम टॉबक. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या एका वर्तमानपत्रात दर रविवारी या कार्यक्रमाचं परीक्षण लिहायच्या. त्यांनी चांगलं म्हटलं तर लोकांना सोमवारी हसू यायचं, वाईट म्हटलं तर शनिवारी आलेलं हसू लोक परत घ्यायचे.

आता गंमत ऐका. मिरियमबाईंचा रविवारचा अंक छापायला जायचा शनिवारच्या कार्यक्रमाआधीच. म्हणून बाई रंगीत तालीम पाहायच्या, कचेरीत जाऊन लेख द्यायच्या आणि थेट बहिणीकडे पत्ते खेळायला निघायच्या. थेट कार्यक्रमाच्या सगळ्यात नावाजलेल्या समीक्षकाने थेट कार्यक्रम कित्येक वर्षांत पाहिलाच नव्हता. तालमीनंतर काय गाळलं तेवढं कुणीतरी कचेरीत फोन करून सांगायचं, आणि फोन आला नाही तर काहीच गाळलं नाही असं बाईंनी धरायचं. हा फोन करण्याचं काम गसकडे होतं. बातमी बहुधा त्याचीच असायची ना. "मिरियमबाई, माझंच गेलं," एवढंच बोलायचं. मग बाई "बरं" म्हणायच्या आणि एक परिच्छेद खोडायच्या.

त्या शनिवारी पाहुणा म्हणून एक मुष्टियोद्धा आला होता. समोर धरलेल्या पुठ्ठ्यांवरचे संवाद तो इतक्या सावकाश वाचायचा की प्रेक्षक त्याच्या आधी घरी पोचले असते. कंसात 'हसून' लिहिलेलं असलं तर तेही वाचायचा. वेळ पुरेना. वॉल्टरने फळीकडे पाहिलं आणि माझी चिठ्ठी आपणहोऊनच पडली म्हणतात.

गसला हे कळलं तेव्हा तो माझ्या पोटातच होता. तो उठला, फोनकडे निघाला, आणि माझी चेन अडकली. हात आत, फोन बाहेर. गस बोळात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विनवू लागला, की बाबांनो, मला एक फोन लावून द्या. एक रेडिएटर फोन लावून मागतोय म्हटल्यावर लोक भिंतीला टेकून हसायला लागले. कुणी पाठ थोपटली, कुणी चहाचा पेला माझ्या डोक्यावर ठेवून गेला. त्या इमारतीत गसच्या बोलण्यावर माणसं पोटभर हसली ती त्या दिवशी. कॉन्सेटाने कात्री आणून मला उसवलं तोवर अंक छापून झाला होता.

रविवारी सकाळी परीक्षण आलं. 'मुष्टियोद्ध्याने मार दिला, रेडिएटरने शेक दिला. खांद्यावर मोजा टाकलेल्या त्या रेडिएटरने अख्खा कार्यक्रम तारला.' खाली 'जरा इकडे सरकून भांडा' हे वाक्यही छापलं होतं.

त्या काळी गेलेला कार्यक्रम पुन्हा पाहायची सोय नव्हती. एकदा हवेत गेला की गेला, शिंकेसारखा. पण छापलेलं तसं जात नाही. दुपारपर्यंत शहरात रेडिएटर न पाहिलेला माणूस सापडेना. बेकरीवाला गिऱ्हाइकांना म्हणायचा, जरा इकडे सरकून पाव घ्या. गसच्या सासऱ्याचा फोन आला. हसताना कवळी वाटीत पडली म्हणे. गसची बायको एलेनी जवळच उभी होती, तिने फोन ओढून घेतला. ती म्हणाली, "बाबा, मी अख्खा कार्यक्रम पाहिला. हा नव्हताच त्यात."

"तू पाणी प्यायला उठली असशील," सासरा म्हणाला.

"मी उठले नाही."

"मग डोळा लागला असेल. बाळंतपणापासून तुझं असंच चाललंय."

वॉल्टरला त्याच्या आईचा फोन आला. ती फ्लोरिडाला राहायची आणि मुलाच्या कार्यक्रमाला जन्मात हसली नव्हती. "वॉल्टर, बाळा, या खेपेला काहीतरी जमलं हं तुला," म्हणाली. एवढं ऐकण्यासाठी जो माणूस इतकी वर्षं राबला, तो 'आई, ते मी गाळलं' असं कोणत्या तोंडाने सांगणार? संध्याकाळपर्यंत वॉल्टर स्वतःच लोकांना सांगू लागला, की गाळायचा मोह झाला होता, पण मी ठाम राहिलो.

गस मात्र खरा माणूस. सोमवारी त्याने मला काखोटीला मारलं आणि पुरावा म्हणून क्वीन्सला मिरियमबाईंच्या घरी नेलं.

"बाई, ते स्किट झालंच नाही."

"मग फोन का नाही केलास?"

"मी याच्यात अडकलो होतो."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मोजा चाचपला. "बातमीदारांच्या खूप सबबी ऐकल्यात मी," त्या म्हणाल्या, "पण सबब सोबत घेऊन आलेला तूच पहिला." मग गंभीर झाल्या. "मी खुलासा छापला तर तू ऑलिव्ह भरायला जाणार. नाही छापला तर मी न झालेल्याची समीक्षक. काय करू?"

गस माझ्या फासळ्या मोजत बसला. मला वाटलं, गप्प राहील. राहायला हवं होतं, असं माझ्यातली गादी अजून म्हणते.

"छापा," तो म्हणाला. "नुसत्या थापेवर करार टिकला तर मी दर रविवारी सासऱ्यासमोर जेवू कसा?"

खुलासा छापून आला. हे स्किट दाखवलं गेलं नव्हतं, चूक माझी, मिरियम टॉबक.

काय सांगू, शहर खवळलं. पोती भरून पत्रं आली. आम्ही काय आंधळे आहोत? म्हातारीला झोप लागली आणि आम्हाला खोटं पाडते? एका निवृत्त न्यायाधीशाने मोजा हिरवा होता असं शपथेवर लिहून पाठवलं. त्यावर एका दातांच्या डॉक्टरने कळवलं की तो निळा होता आणि न्यायाधीशांनी डोळे तपासून घ्यावेत. लाल मात्र कुणालाच आठवत नव्हता, फक्त मला, आणि माझं कोण ऐकतं. संपादकाने मिरियमबाईंना बोलावून सांगितलं, की बाई, एवढी माणसं एकदम चुकत नसतात. मग त्यांच्या नकळत खुलाशाचाही खुलासा छापून टाकला.

आता वॉल्टरपुढे एकच वाट उरली. लोकाग्रहास्तव रेडिएटर पुन्हा. पुन्हा म्हणजे पहिल्यांदा.

गसने त्या आठवड्यात माझ्या पोटात एवढा घाम गाळला की मी दोन मापं फुगलो. मोसमाचा शेवटचाच कार्यक्रम होता तो. पडला तर एप्रन. मिरियमबाई या खेपेला पत्ते सोडून खुद्द कार्यक्रमाला येऊन बसल्या. कॉन्सेटाने जास्तीची चेन लावली.

दिवे लागले. नवराबायकोने भांडायला सुरुवात केली. गसने श्वास घेतला, आणि तो तोंड उघडणार तोच सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "जरा इकडे सरकून भांडा." म्हणालं आणि स्वतःच हसलं. पुढच्या वाक्यालाही तेच. जी वाक्यं परीक्षणात नव्हती, कुठेच छापली नव्हती, ती लोक मनाने रचून गसच्या आधी म्हणत होते आणि हसत होते. गस आत नुसता उभा. शेवटी त्याने एकच केलं, आतून माझ्या फासळीवर मूठ आपटली. धप्. फोमचा कसला आवाज येणार? पण लोकांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. कसा खणखणला, म्हणाले.

बाहेर पडताना मात्र प्रत्येकाच्या तोंडी तेच. बरं होतं, पण पहिल्यासारखं नाही.

मिरियमबाईंनी या वेळी सोमवारच्या अंकात लिहिलं, 'हे स्किट मी परवा पहिल्यांदाच थेट पाहिलं. आधीचं अधिक चांगलं होतं.' अक्षर न् अक्षर खरं. तालमीत होतंच ते अधिक चांगलं. शहराने मान डोलावली आणि बाईंना माफ केलं.

गसचा करार वाढला. वॉल्टर त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "गस, लेका, दुसरं काही नको, त्या पहिल्यासारखं लिही एखादं." बिचारा अजून तेच लिहितोय. सासऱ्याने एप्रन खुंटीवरून काढला आणि जावयाला देऊन टाकला. गसने तो मला घातला.

मिरियमबाई निवृत्त झाल्या तेव्हा कार्यक्रमाच्या लोकांनी मला त्यांना भेट दिलं. तेव्हापासून मी इथे त्यांच्या खिडकीखाली, एका खऱ्या रेडिएटरच्या शेजारी उभा आहे. लोखंडी म्हातारा माझ्याशी बोलत नाही. त्याला माझी लाज वाटते. पण घरमालकाने वाफ बंद करून टाकल्यापासून तोही थिजलाय, आणि त्याचं धडधडणंही गेलं. बाई घरात कोट घालून बसतात. मालकाकडे तक्रार करून करून थकल्या.

परवा मालकाने आपला माणूस पाठवला. तो हातमोजे काढत आत आला, सरळ माझ्याकडे आला आणि एप्रनखाली हात घालून माझ्या फासळ्यांवर ठेवला.

"इतका तापलाय की, बाई," तो म्हणाला. "भाजतोय हाताला. उगाच तक्रारी करता तुम्ही लोक."

बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. खुलाशाचं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? माणूस हात चोळत, ऊब खिशात घालून निघून गेला.

बाई खुर्चीतून माझ्याकडे पाहू लागल्या. लोखंडी म्हाताराही, मला वाटतं, तिरक्या नजरेने पाहत होता. मग त्या उठल्या. कोटाच्या बाहीतून हात काढून त्यांनी हळूच माझ्या खांद्यावर, मोज्याशेजारी ठेवला. डोळे मिटले. त्या तालमीत दुसऱ्या रांगेत मिटले होते तसेच.

"छे," त्या म्हणाल्या. "मागल्या हिवाळ्यात तू जास्त गरम होतास."

चला, येतो मी. कधी क्वीन्सला आलात तर हात शेकून जा, पण नंतर कुणाला सांगताना मोजा लाल होता एवढं लक्षात ठेवा. आणि बाईंचं म्हणाल, तर खोटं कशाला बोलू? होतोच मी.