मोजायला भरमा

“आण्णा, पोतं लगेच उचलत न्हाय मी. आधी शंभर दाणं भिजवा,” भरमा म्हणाला आणि कट्ट्यावर बसला.

कलगोंडाचं डोकं फिरलं. त्याची बायको चंपाबाई जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. तिनं स्वतःच्या हातानं निवडून ठेवलेलं सोयाबीनचं बी, आणि त्याची परीक्षा?

“पंधरा वर्षं सदलग्यात तिचं बी पेरत्यात लोक. तुला आजच शंका आली व्हय रं?”

“आजच कुठली? आक्का हुती तवाबी दरसाल भांडत हुतोच की मी.”

ते खरं होतं. पेरणीआधी चंपाबाई शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि ती गुंडाळी घरात न ठेवता बाहेर कट्ट्यावर ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्यानं उघडून बघावी. उगवलेले दाणे मोजायला मात्र भरमालाच बोलवायची. कलगोंडा एकदा चिडून म्हणाला होता, “गावात दुसरं कोण मिळंना व्हय? त्यो तर तुझी चूक काढायलाच टपलाय.”

“म्हणून तर,” ती हसून म्हणाली होती. “तुमी मोजला तर वाकडा कोंबबी चांगल्यात धराल.”

कलगोंडानं शंभर दाणे मोजून भिजवले.

पाचव्या दिवशी भरमानं गुंडाळी उघडली. एकेक कोंब निरखून बाजूला ठेवला.

“बावन्न.”

“पुन्ना मोज.”

“तुमीच मोजा, आण्णा.”

कलगोंडानं मोजले. दोन वाकडे धरूनही चोपन्नच. सत्तरच्या खाली आलं की चंपाबाई कुणाला बी देत नसे.

मग त्याला आठवलं. ती गेल्यावर भेटायला येणाऱ्या माणसांना बसायला जागा हवी म्हणून त्यानंच पोती उचलून कोपऱ्यात एकावर एक आपटली होती. सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक, आपटून तडकली की दाणा उगवत नाही. पोतं साधं सरकवायचं झालं तरी चंपाबाई ओरडायची.

“तिचं न्हाय चुकलं. माझ्या हातनं गेलं रं बी,” तो म्हणाला. “तू अडून बसलास म्हणून बरं. न्हायतर तुझं दोन एकर वाया गेलं असतं, आन् नाव तिचं खराब झालं असतं. लई उपकार झालं तुझं.”

“माझं कसलं? आक्कानंच लावलेली खोड ही.”

दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेले दरसालचे आकडे होते. चौऱ्याऐंशी, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. मधेच एका ओळीत तिच्याच अक्षरात होतं : ‘एकसष्ट. देऊ नये.’ सगळ्या गल्लीला दिसेल असं. त्या साली लोकांनी बी बाहेरून आणलं होतं, आणि पुढच्या साली पुन्हा हिच्याच दारात आले होते. कलगोंडा रोज या भिंतीपुढून जायचा, पण तो मोठेच आकडे वाचायचा.

त्यानं गेरू कालवला आणि शेवटच्या ओळीखाली सावकाश लिहिलं : ‘बावन्न. देऊ नये.’ अक्षर तिच्याइतकं सरळ आलं नाही.

भरमानं गोणपाट पिळलं, झटकलं आणि कट्ट्यावर वाळत घातलं. पुढच्या साली लागणार होतं.