काचेमागची जर्सी

सगळी गल्ली तिच्या भावाला समालोचक म्हणायची आणि त्याला आजवर तो मानच वाटत आला होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीमागे बसून गळक्या नळांच्या तक्रारी लिहून घेणारा हा माणूस. पण संध्याकाळी दाराबाहेरच्या पायऱ्यांवर बसला की जगातला एकही खेळाडू त्याच्या तावडीतून सुटायचा नाही. अमक्याचा डावा पाय कच्चा, तमक्याचं डोकं गरम. स्वतः एक जिना चढला की दोन मिनिटं कठडा धरून उभा राहणार आणि दुसऱ्यांना धावायला शिकवणार. उंटावरून शेळ्या हाकायला तरी उंटावर चढावं लागतं, याने तेवढेही कष्ट कधी घेतले नव्हते.

हा सगळा अधिकार त्याला एका जर्सीने दिला होता. एकोणीस वर्षांपूर्वी तो एकटा मोठ्या शहरात गेला होता. फुटबॉलचा अंतिम सामना बघून आला होता. सामना संपल्यावर आठ नंबरच्या कर्णधाराने म्हणे गर्दीतून नेमका यालाच हेरला आणि अंगातली जर्सी काढून, वर सही ठोकून हातात दिली. ती जर्सी बैठकीच्या खोलीत कपाटाच्या वर, काचेच्या चौकटीत टांगलेली होती. छातीवर क्लबचं चिन्ह, खाली काळ्या शाईतली सही, पाठ भिंतीकडे. येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी ही गोष्ट प्यावी लागे.

तिने ती गोष्ट किती वेळा ऐकली होती याचा हिशेब नव्हता. ती त्याची धाकटी बहीण, लग्न न केलेली, मागच्या खोलीत राहणारी. जर्सी शिवणाऱ्या कारखान्यात ती बावीस वर्षं एकच काम करत होती, पाठीवर नंबर शिवायचं. कारखान्यात सगळे तिला नंबरवाल्या बाई म्हणत. मोठ्या शहराच्या तिन्ही क्लबांचे नंबर तिच्या मशीनखालून जायचे. कोणाचे खांदे रुंदावले, कोणाचं पोट सुटलं, हे तिला वर्तमानपत्रांच्या आधी कळे. आणि सामना मात्र तिने आयुष्यात एकही पाहिला नव्हता.

खरं तर तो अंतिम सामना तिचाच होता. त्या वर्षी मालकाने कामगारांमध्ये एका पासासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि चिठ्ठी तिच्या नावाची निघाली होती. नेमकी त्याच आठवड्यात आई दवाखान्यात दाखल झाली. दोघांपैकी एकाने राहायला हवं होतं. दादा म्हणाला, "पास फुकट जायला नको. मी जाऊन येतो, पुढच्या वर्षी तू जा." पुढच्या वर्षी आईचं दुखणं होतंच. त्याच्या पुढच्या वर्षी दादाचं लग्न. मग वहिनीचं बाळंतपण, मग आई गेली, मग छप्पर गळू लागलं. तिची पाळी दर वर्षी पुढच्या वर्षावर गेली, आणि विचारायचीही तिला लाज वाटू लागली.

या वर्षी तिने विचारलंच नाही. कटिंगचा खाकी कागद बैठकीच्या फरशीवर अंथरला, कोपऱ्यांवर कात्री, टेप, खडूचा डबा आणि वहिनीची चप्पल ठेवली, आणि कापडावर नंबर आखावेत तसे दिवस आखले. शनिवारी दुपारी फुटबॉल, रविवारी हॉकी, सोमवारी व्हॉलीबॉल, मंगळवारी परत.

दादा घरी आला तो कागदावर पाय देतच. "हे काय?"

"मी जाणार आहे. चार दिवस."

"कोणाबरोबर?"

"माझ्याबरोबर."

तो हसला. हसणं कसलं, नाकातून वारा सोडला. "तू? अगं, तुला बाजारात पिशवी सांभाळता येत नाही. ते शहर आहे शहर! माणूस गिळून ढेकरही देत नाही." मग खाली वाकून कागद वाचू लागला. "आणि हे काय? गोलच्या मागची जागा? तिथून काय दिसणार? पाठी?"

"पाठीच बघायच्यात. माझं काम तिथे असतं."

"वेडीच आहेस. आणि स्टेशनवरून मैदानात चालत? दोन बस बदलाव्या लागतात, दीड तास जातो. मी गेलोय, मला विचार."

"नकाशात तर स्टेशनच्या समोरच आहे."

"नकाशे काय, कोणीही काढतं. नवं बांधलं असेल."

"सत्तर वर्षं जुनं आहे, दादा."

"मग स्टेशन हललं असेल," समालोचक म्हणाला, आणि चहा मागायला आत गेला.

वहिनी ओट्याशी उभी होती. तिने हसू दाबण्यासाठी तोंडाला पदर लावला. पण नणंदेला हसू आलं नाही. स्टेशन हललं असेल! जन्मभर तिने हा माणूस ऐकला होता, पण थाप मारताना एवढा घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

पुढचे आठ दिवस त्याने जंग जंग पछाडलं. आधी चोर, मग पाऊस, मग वहिनीचा गुडघा. वहिनीच्या गुडघ्याची काळजी त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होती. एक दिवस तर म्हणाला, "मीच येतो तुझ्यासोबत," आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीत रजा मिळत नाही म्हणाला. मागितली होती का, हे वहिनीने विचारल्यावर आंघोळीला निघून गेला. सकाळची आंघोळ झालेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी तिने साधी गोष्ट मागितली. "दादा, ती जर्सी घालून जाते. ज्या मैदानातून आली, तिथे एकदा जाऊन येईल."

तो पांढराफटक पडला. "काचेला हात लावायचा नाही."

"धुऊन देईन परत."

"धुवायची? सही जाईल! एकोणीस वर्षं जपलीय मी. हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे." आणि कचेरीत जाताना दारातून परत फिरून एकदा चौकटीकडे बघून गेला.

ज्या चौकटीला हात लावू नको असं एवढं ओरडून सांगतात, तिला हात लावायलाच हवा, एवढी अक्कल बायकांना उपजत असते. ती स्टुलावर चढली. स्टूल वहिनीने धरलं, न सांगता. चौकटीमागचे चार खिळे उचकटले, पुठ्ठा निघाला आणि जर्सी तिच्या मांडीवर आली. घामाचा डाग नाही, घासलेला खांदा नाही. कोणाच्या अंगावर कधी चढलीच नव्हती ती. गळ्याजवळच्या लेबलाचा डावा कोपरा तिरका कापलेला होता. कारखान्यात रिजेक्ट मालाचं लेबल असंच कापतात.

तिने जर्सी उलटली आणि पाठ बघितली. आठ होता. पण डोक्यावर उभा. लहान गोल खाली, मोठा गोल वर. नंबरच्या शेवटी धागा पक्का करायला तीन उलट टाके. बाकीच्या बाया दोन मारतात. तीन मारणारी अख्ख्या कारखान्यात एकच.

तिला तो दिवस आठवला. आई दवाखान्यात, रात्रभर जागरण, डोळ्यांसमोर धागा दोन दोन दिसत होता, आणि समोर अंतिम सामन्याचा माल. सुपरवायझरने जर्सी सगळ्यांसमोर उंच धरली होती. "बघा, बाईंनी आठला शीर्षासन घातलं!" सगळा हॉल हसला होता. ती मशीनवर मान खाली घालून रडली होती. ती जर्सी मागच्या दाराच्या ढिगात पडली. आणि तिथूनच उचलून, वर मार्करने सही करून, तिच्याच भावाने तिच्याच घराच्या भिंतीवर टांगली होती. तिची चूक, तिचा पास, आणि गोष्ट मात्र त्याची.

"वहिनी, तुला माहीत होतं?"

वहिनीने स्टूल जागेवर ठेवलं. "सही त्याच्याच अक्षरात आहे, एवढं माहीत होतं. लग्नाच्या फॉर्मवर पाहिली होती मी. बाकी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसरी गोष्ट ऐकावी लागली असती."

संध्याकाळी दादा आला तेव्हा जर्सी टेबलावर पालथी होती. त्याने आठकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसला. बूटही काढले नाहीत.

"कारखान्याच्या मागच्या दाराच्या पहारेकऱ्याकडून मागून घेतली," तो म्हणाला. "परत आल्यावर."

"कुठून परत आल्यावर?"

"गेलो होतो गं मी. शप्पथ. गाडी पोचली शहरात. बाहेर पडायच्या पायऱ्यांवर आलो आणि..." तो बुटांकडे बघत राहिला. "एवढी माणसं. पायच उचलेना. वेटिंग रूममध्ये जाऊन बसलो. म्हटलं, गर्दी कमी झाली की निघू. कमी झालीच नाही. संध्याकाळची गाडी पकडली. मग दोन दिवस मित्राकडे राहिलो, शेजारच्या गावात. लगेच परत आलो असतो तर तू काय म्हणाली असतीस?"

"मी?" तिचा आवाज चढला. "मी आईचं भांडं धूत होते, दादा. मी काहीच म्हणाले नसते. त्या दिवशी आईच्या उशाशी बसून मी रेडिओ लावला होता. दर गोलला म्हणत होते, दादा बघत असेल, दादा ओरडत असेल. आई पण हसली होती. आणि तू बाकावर बसला होतास. तू घाबरलास ते एक वेळ चालेल. पण एकोणीस वर्षं तू माझ्याच पासावर मला शहाणपण शिकवलंस. बाजारात पिशवी सांभाळता येत नाही म्हणालास."

समालोचकाने अखेर बूट काढायला घेतले. तिला त्याची दया आली असती, पण तेवढ्यात तो म्हणाला, "गल्लीत सांगू नकोस," आणि आलेली दया परत गेली.

सकाळी तिने बॅग भरली. मग चौकट पुन्हा कपाटाच्या वर टांगली. या वेळी जर्सीची पाठ बाहेर होती. काचेतून उलटा आठ सगळ्या खोलीला दिसत होता.

"अगं, हे काय?" दादा बनियनवरच धावत आला. "लोक विचारतील."

"विचारू देत. माझी चूक मी भिंतीवर लावलीय. तुझी काय ती तू बघ."

"मी काय सांगू त्यांना?"

"खरं सांग. तुझ्या गोष्टीपेक्षा लवकर सांगून होईल." आणि ती निघाली. वहिनी दारापर्यंत आली, दुखऱ्या गुडघ्यासकट.

गाडी दुपारी बाराला पोचली. बाहेरच्या पायऱ्यांवर ती आली आणि तिचेही पाय थांबले. खोटं कशाला बोला? माणसं चारी बाजूंनी येत होती आणि एकही ओळखीचं नव्हतं. बॅगेचा पट्टा तिने इतका घट्ट धरला की बोटं पांढरी झाली. परतीची गाडी कुठल्या फलाटावर लागते, हेसुद्धा डोक्यात येऊन गेलं. भावाला काय झालं असेल ते तिला कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला नाही, उलट वाढला. एवढ्याचसाठी?

ती मागे वळली आणि वेटिंग रूममध्ये गेली. लांबट खोली, भिंतीला लागून लाकडी बाकं, समोर मोठी खिडकी. ती बाकावर बसली आणि मान वर केली. खिडकीत मैदान होतं. रस्त्याच्या पलीकडे, दिव्यांचे चारही खांब, रांगा, झेंडे, सगळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण हा तर कळसा काखेत घेऊन परत घरी आला होता. ती मोठ्याने हसली. शेजारची बाई सरकून बसली. आणि हसता हसता तिला रडू आलं, कारण त्या दिवशी इथे सामन्याचा आरडाओरडा ऐकू येत असणार, आणि हा माणूस तो ऐकत, मान खाली घालून बसला असणार.

तेवढ्यात फोन वाजला. दादाच होता.

"पोचलीस?" आवाज बारीक होता. पायऱ्यांवर बसून बोलायचा तो आवाज नव्हता.

"पोचले."

"गर्दी आहे?"

"आहे."

"मैदान लांब आहे का गं?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. दोन बस म्हटलं असतं, दीड तास म्हटलं असतं, तर त्याला जरा बरं वाटलं असतं. पण त्या खोट्यावर या घराने एकोणीस वर्षं काढली होती.

"तू बसला होतास त्या बाकावरून दिसतं, दादा. रस्ता ओलांडला की आलं."

फोन चालू होता, मागे वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता, पण समालोचकाकडे शब्द नव्हता. मग फोन बॅगेत ठेवून ती पायऱ्या उतरली आणि सगळ्यांबरोबर रस्ता ओलांडला.