तीन चिरा

क्लाइव्ह सटक्लिफने अँप्लिफायरचं बटण दाबलं आणि तो मागे सरून उभा राहिला. आतल्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा उजेड हळूहळू चढू लागला. हे जुनं खोकं त्याच्या तळघरात आलं तेव्हा त्यातून नुसती घरघर येत होती. वाळलेले कपॅसिटर, गंजलेली सॉकेट, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, एकेक करून त्याने सगळं बदललं होतं. आता घरघरीचा मागमूस नव्हता.

"घे, वाजव," तो म्हणाला.

नेव्हिल अकरॉइड मांडीवर गिटार घेऊन खुर्चीच्या कडेला बसला होता. एके काळी हॅलिफॅक्सच्या क्लबांतून तो याच अँपवर गिटार वाजवायचा आणि त्याचा थोरला भाऊ टेरी गायचा. क्लाइव्ह नेव्हिलच्याच शाळेतला. तेव्हा तो क्लबात पुढच्या टेबलाशी आ वासून ऐकत बसायचा. टेरी नाताळाच्या तोंडावर गेला. शनिवारी क्लबात त्याच्या आठवणीची संध्याकाळ होती, आणि तिच्यासाठी क्लबाने चक्क दर शनिवारचा बिंगोचा खेळ रद्द केला होता. टेरीचं लाडकं गाणं नेव्हिलला त्या दिवशी वाजवायचं होतं.

त्याने तार छेडली. आवाज गोल, स्वच्छ, चर्चच्या घंटेसारखा आला. क्लाइव्ह मनातून फुलला. नेव्हिलने मात्र मान वाकडी केली, आवाज चढवला, पुन्हा वाजवलं.

"तो नाही रे हा."

"तो कोण?"

"आवाज. गुरगुरायचा तो. खाटकाच्या दारातल्या कुत्र्यासारखा. टेरीने दाढीच्या ब्लेडने स्पीकरच्या आतल्या कागदी पडद्याला चिरा दिल्या, तेव्हा मी त्याला मारायलाच धावलो होतो. मग वाजवून बघितलं आणि मुकाट बसलो. चिरा तर आत आहेतच. म्हणजे बोटंच गेली माझी. गाजरं झालीत बघ. टेरी म्हणाला असता, नेव्ह, त्यापेक्षा स्वेटर विण."

क्लाइव्ह हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तीन चिरा. पट्टी लावून ओढाव्यात तशा सरळ. जुना कागद फाटतो तो वेडावाकडा, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला तेव्हाच ते खटकलं होतं. 'काय रानटी माणसं,' असं पुटपुटून त्याने नवा कागद बसवला होता. नेव्हिलला फोन करावा, असं क्षणभर मनात आलंही होतं; पण मग सगळं एकदम नवं करून दाखवण्यातली गंमत गेली असती. जुना कागद त्याने कचऱ्यात टाकला आणि कचऱ्याची गाडी तो घेऊन गेली.

नेव्हिल गिटार पेटीत ठेवू लागला. "शनिवारी दोन शब्द बोलेन झालं. वाजवत नाही. लोकांनी कीव करायला नको."

क्लाइव्ह नुसता गप्प बसला असता तरी चाललं असतं. कापडाच्या जाळीआड काय आहे, हे कुणालाही दिसणार नव्हतं. आणि आपल्याला हे सुचलं, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"बोटं नाहीत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कागद मी बदलला."

पेटीचं झाकण अर्ध्यावर थांबलं. "जुना कुठाय?"

"टाकला."

"फाटलाय असं वाटलं असेल तुला."

एवढं 'हो' म्हटलं असतं तरी सुटका होती. "नाही. कापलाय हे दिसत होतं. तुला विचारलं नाही."

नेव्हिलने झाकण पुन्हा वर केलं. "शाळेतही असाच होतास," तो म्हणाला. "न सांगता दुसऱ्याची गणितं सुधारायचास." मग म्हणाला, "ब्लेड आण."

"मी कापू?"

"माझी गाजरं. टेरी गेला. उरलं कोण?"

क्लाइव्हने अँप बंद केला, प्लग काढला, आत साठून राहिलेली वीज उतरवली आणि स्पीकर सोडवला. नेव्हिल बोटाने जागा दाखवत गेला. पहिल्या दोन चिरा बऱ्या आल्या. तिसऱ्या वेळी क्लाइव्हचं ब्लेड सटकलं आणि चीर तिरकी गेली. जन्मभर मोडकं जोडलेला माणूस तो. आपण नीट कापूही शकत नाही, असं त्याला वाटलं.

स्पीकर परत बसवल्यावर नेव्हिलने वाजवलं. आवाज गुरगुरला, पण मधेच त्याला दमेकऱ्यासारखी शीळ होती.

"कुत्रा दुसरा आहे," नेव्हिल म्हणाला. "पण कुत्रा आहे."

शनिवारी त्याने टेरीचं गाणं वाजवलं. मागच्या टेबलाशी बसलेल्या क्लाइव्हला तेवढी शीळच ऐकू येत होती. गाणं संपल्यावर नेव्हिल माइकजवळ वाकला. "हा अँप आपल्या क्लाइव्हने दुरुस्त केलाय. ऊठ रे, दिसू दे सगळ्यांना."

क्लाइव्ह अर्धवट उठला. आता नेव्हिल कागदाचंही सांगेल म्हणून त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. नेव्हिलने त्याच्याकडे पाहिलं आणि काहीच सांगितलं नाही.

लोक टाळ्या वाजवत राहिले. क्लाइव्ह खाली बसला आणि त्या थांबेपर्यंत ग्लासाखाली उमटलेलं ओलं वर्तुळ बाहीने पुसत राहिला.