लुंडीनांचं घर

चौथा स्क्रू काही केल्या हलेना. डोलोरेसनं स्क्रूड्रायव्हरवर दोन्ही हातांनी जोर दिला, तसं तिच्या गुडघ्याखालचं ओलं गवत सरकलं आणि ती रस्त्याकडेच्या खांबावर जाऊन आदळली. त्यावरची फळी तीन कोपऱ्यांनी सुटून एका कोपऱ्यावर लोंबत होती. ओकच्या लाकडात वॉल्टरनं त्यांचं आडनाव कोरलं होतं, प्रुसाक. एक अख्खा हिवाळा तो तळघरात ती फळी घेऊन बसला होता, तरी मापाचा अंदाज चुकलाच. शेवटचं अक्षर दाटीवाटीनं बसलं होतं.

उत्तरेकडून एक पिकअप आला. चालवणाऱ्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. या रस्त्यावर ओळखीच्यालाही तेवढंच मिळतं आणि अनोळख्यालाही. डोलोरेसनं मान हलवली. गाडी पुढे गेली, आणि थोड्या अंतरावर तिचे मागचे लाल दिवे लागले.

जाऊ दे, थांबू नकोस, असं डोलोरेस मनातल्या मनात म्हणाली. पण मर्ल ओसगार्ड उतरला होता.

मर्लची शेती रस्त्याच्या पलीकडे. गावच्या बंबावर आणि अँब्युलन्सवर तो तीस वर्षं बिनपगारी होता. भोंगा झाला की ट्रॅक्टर होता तिथे सोडून धावायचं, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. गेल्या ऑक्टोबरात वॉल्टरसाठी बोलावलेली अँब्युलन्स त्यानंच चालवली होती. त्यानंतर वर्षभर त्याची आणि डोलोरेसची समोरासमोर गाठ पडली नव्हती. हिवाळ्यात बर्फ पडलं की पहाटे तो येऊन तिची वाट मोकळी करून जायचा. ती पडद्यामागे उभी राहून त्याचा ट्रॅक्टर जाईपर्यंत वाट बघायची, आणि मगच दिवा लावायची.

मर्लनं टोपी मागे सरकवली. फळीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. इकडची माणसं मुद्द्यावर यायच्या आधी हवापाण्यावरून एक फेरी मारून येतात.

“वारा पडलाय आज,” तो म्हणाला.

“हं.”

“मका उरकला एकदाचा. खालचे ऐंशी एकर राहिलेत. तिथं ओल आहे अजून.”

“बरं झालं.”

“अर्लीननं तुमच्यासाठी झुकिनीचा केक दिलाय. म्हणजे चार दिवस गाडीतच आहे तो.”

“चार दिवस?”

“दगड झाला असेल. तसा पहिल्या दिवशीही दगडच होता.”

एरवी ती हसली असती. अर्लीन म्हणजे मर्लची बायको, आणि तिच्या बागेतली ती काकडीसारखी झुकिनी सबंध गावाच्या थट्टेचा विषय होता. ऑगस्टमध्ये चर्चबाहेर गाडीची काच उघडी राहिली, तर आत हमखास तिनं सारलेल्या चार झुकिन्या सापडत. डोलोरेसनं स्क्रूड्रायव्हर पुन्हा खाचेत बसवला.

“कशाला काढताय?” मर्लनं विचारलं.

“नको झालीय.”

“वॉल्टरच्या हातची आहे ना.”

“म्हणूनच.”

तो तिच्या शेजारी उकिडवा बसला, तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि खिशातल्या पकडीनं त्याच्या मुठीवर हलके ठोके देऊ लागला.

या सगळ्याच्या मुळाशी एका घराचं नाव होतं. या काउंटीत घराला माणसाचं नाव लागतं ते तो माणूस तिथून गेल्यावर. राहतो तोवर तो आधीच्याच्याच घरात राहतो. डोलोरेस आणि वॉल्टर अठ्ठावीस वर्षांपूर्वी शिकागोहून आले, तेव्हा म्हातारा लुंडीन वारला होता आणि त्याची मुलं मिनेसोटाला गेली होती. वॉल्टरनं छप्पर बदललं. विहीर खोल केली. कोठारावरचा लुंडीनांचा पिवळा रंग खरवडून तांबडा दिला. रोज साठ मैल जाऊन, तेवढेच मैल परत येऊन त्यानं शिकागोतल्या छापखान्यात नोकरी केली, आणि रविवारी या मातीत टोमॅटो लावले. तरी घर लुंडीनांचंच राहिलं. पोस्टातली बर्निस पत्र हातात देताना म्हणायची, “घ्या, लुंडीनांकडचे वॉल्टर.”

त्याला ते लागायचं. त्यातून त्याचा धाकटा भाऊ लेनी. तोही थोरल्याच्या मागोमाग आला होता. मिल रोडच्या पार दक्षिणेच्या टोकाला त्यानं घर घेतलं, जेमतेम अकरा वर्षं राहिला, आणि बायकोला इथली हवा सोसेना म्हणून ॲरिझोनाला निघून गेला. पुढच्याच आठवड्यापासून त्याचं घर प्रुसाकांचं झालं. आता तिथे शिकागोला जाऊन-येऊन नोकरी करणारं एक तरुण जोडपं राहत होतं. आपण प्रुसाकांच्या घरात राहतो, याचा त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल.

“अकरा वर्षांत त्याचं झालं, आणि मी सव्वीस वर्षं लुंडीनांकडचा पाहुणा?” वॉल्टर बर्निसवर डाफरायचा.

“मग जा की तुम्हीपण गाव सोडून,” बर्निस म्हणायची. “धरून कुणी ठेवलंय?”

पोस्टात असतील-नसतील ते सगळे हसायचे. वॉल्टरही हसायचा, पण घरी आल्यावर जेवताना मुका व्हायचा. त्याच हिवाळ्यात त्यानं फळी कोरली.

स्क्रू कुरकुरत फिरला आणि निघाला. फळी मर्लच्या हातात आली. ती कुठे ठेवावी हे न कळून तो ती छातीशी धरून उभा राहिला.

“टाकून दे,” डोलोरेस म्हणाली. “शेकोटीत घाल.”

त्यानं फळी काखेत मारली. पिकअपपाशी गेला, मागच्या हौद्यातली पोती बाजूला केली, फळी आडवी ठेवली. मग परत आला. जायचं सोडून परत का आला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. डोलोरेसनं गुडघ्यांवरची माती झटकली. आता नाही, तर मग कधीच नाही, एवढं तिला कळत होतं.

“मर्ल, मला एक सांगायचंय. होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.”

त्यानं मान हलवली.

“त्या दिवशी तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. कपाटाला टेकून. शुद्धीत होता. मी अँब्युलन्सला फोन लावला, तर तिथली पोरगी नंबर विचारायला लागली घराचा. आता ते नवे नंबर कुणाला पाठ आहेत? मी म्हटलं, मिल रोड. ती म्हणाली, मिल रोडला कुणाचं घर, गाडीवाले विचारतायत.”

“मीच विचारलं होतं,” मर्ल म्हणाला.

“मध्ये बोलू नकोस म्हटलं ना.” तिनं हाताचा तळवा पुढे केला. “मी सगळ्यांना लुंडीनांचं घर म्हणूनच सांगत आले रे. गॅसवाल्याला, नळवाल्याला, आमच्या कॅरलच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांना. फक्त वॉल्टर जवळपास नसताना. तो ऐकत असला की नाही म्हणायचे. आणि त्या दिवशी तो समोर होता. माझ्याकडं बघत होता. त्याच्यादेखत लुंडीनांचं कसं म्हणू?”

रस्त्यावरून एक गाडी गेली. दोघांनीही सवयीनं बोट उचललं.

“तुम्ही लोक प्रुसाकांचं कुठल्या घराला म्हणता, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून म्हणाले. ते ऐकून त्याला बरं वाटलं, ते मला दिसलं. मग तुमचा भोंगा ऐकू आला. चौकापर्यंत आला, आणि मग लांब लांब जायला लागला.”

कापणी झालेल्या रानावरून आवाज फार लांबवर ऐकू येतो. त्या दिवशी तो सतत येत राहिला, बारीक होत होत, आणि डोलोरेस हातात फोन धरून उभी होती. गाडी नऊ मैल दक्षिणेला गेली. त्या तरुण जोडप्याचं बंद दार वाजवून परत फिरली. लुंडीनांचं घर चौकापासून उत्तरेला फक्त दोन मैलांवर होतं.

“त्याला ऐकू आलं?” मर्लनं विचारलं.

“काय?”

“भोंगा. लांब जाताना.”

“हो.”

“मग?”

“मी म्हटलं, वळतायत. येतायत.”

मर्लनं टोपी काढली. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. तो खाली बघत बोलू लागला, आणि आवाज इतका हळू होता की तिला एक पाऊल पुढे यावं लागलं.

“चौकात मी गाडी थांबवली होती. रॉजर शेजारी होता. तो म्हणाला, डावीकडं की उजवीकडं? मला तुम्ही दोघंच आठवलात, डोलोरेस. देवाशपथ. वॉल्टर चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. त्याच्या मानेवरचा तीळसुद्धा मला पाठ आहे. प्रुसाक म्हटल्यावर आधी ती मानच डोळ्यांपुढं आली. आणि तरी मी म्हटलं, प्रुसाकांकडं म्हणजे उजवीकडं.” त्यानं हातातली टोपी फिरवली. “लेनी जाऊन आठ वर्षं झाली होती. तिथं प्रुसाक नावाचं कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. हे मला कळत होतं, आणि हात उजवीकडं वळला.”

डोलोरेस खांबाला टेकली.

“मला वाटलं, रॉजरनं तुम्हाला सांगितलं असेल,” मर्ल म्हणाला. “म्हणून तुम्ही दार उघडत नाही.”

“मला वाटलं, त्या पोरीनं तुला माझं सांगितलं असेल.”

 वर्षभर दोघं एकमेकांना चुकवत होते. ती बाजारात जायचे वार बदलत होती, तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून प्रार्थना संपायच्या आधी उठत होता. त्याचा राग आला का, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. राग नव्हता. हलकंही वाटलं नाही. वॉल्टर होता तेवढाच मेलेला होता.

“डॉक्टर काय म्हणाले होते?” तिनं विचारलं. “लवकर आला असतात तर?”

“म्हणाले, सांगता येत नाही.”

“मलाही तेच म्हणाले.”

“मी दोनदा विचारून आलो.”

“मी तीनदा,” डोलोरेस म्हणाली.

मर्ल जवळजवळ हसला. मग त्यानं मनगटानं नाक पुसलं. जरा वेळानं तो गाडीतून केक घेऊन आला. फॉइलमध्ये गुंडाळलेला होता, आणि खरोखरच विटेइतका जड. तिनं तो घेतला. “अर्लीनला सांग, छान होता.”

“आधी खाऊन तरी बघा.”

“खाऊन मग तसं म्हणवणार नाही.”

एवढ्यात पिकअपमधला रेडिओ खरखरला. अर्लीनचाच आवाज होता, आणि ती कुणाशीही भांडल्यासारखीच बोलायची.

“मर्ल, अरे आहेस का जिवंत?”

त्यानं खिडकीतून हात घालून बटण दाबलं. “बोल.”

“हाइन्मनच्या कालवडी परत सुटल्यात. दहा-बारा तरी असतील. रस्त्याच्या मधोमध उभ्या आहेत, बर्निसचा फोन आला आत्ता.”

“कुठं?”

“मिल रोडलाच. प्रुसाकांच्या जरा पुढं.”

“निघालो.”

तो गाडीत बसला. डोलोरेस खांबाला धरून उभी होती. लेनीचं घर म्हणजे इथून अकरा मैल, तिच्या मनात आलं. जाईपर्यंत एखादी चिरडायची. पिकअपचं तोंड दक्षिणेलाच होतं, त्याला नुसतं सरळ निघायचं होतं.

मर्लनं इंजिन चालू केलं, मागे वळून बघत गाडी तिच्या वाटेत घेतली, आणि तिथून वळवून तोंड उत्तरेकडे केलं. तिच्या बाजूनं जाताना त्यानं एक बोट उचललं. मग वेग घेतला. हौद्यात फळी एकदा आपटल्याचा आवाज आला. चढावर गाडी थोडा वेळ दिसली, आणि मग पलीकडे उतरली. त्या बाजूला, चढापलीकडे, हाइन्मनचं रान होतं. आणि चढाच्या अलीकडे एकच घर होतं, तिचं.

मर्लला आपण काही केलं असं वाटलंही नसेल. अर्लीनला तर नाहीच. ही गोष्ट कुणी ठरवत नाही, ती आपोआप होते. वॉल्टरला मातीत ठेवलं त्याच आठवड्यात झाली असणार. पोस्टात, धान्याच्या कोठीवर, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत वर्षभर सगळे तसं म्हणत असणार. फक्त तिच्यासमोर कुणी म्हटलं नसेल. त्या नावानं गाडी चुकल्यावर ते तिच्यासमोर कसं घ्यायचं?

डोलोरेस केक काखेत धरून घराकडे निघाली. आधी सावकाश, मग भरभर. कोठाराजवळून जाताना ती जवळजवळ पळतच होती. हे कळलं की वॉल्टर आधी विश्वास ठेवणार नाही. कोण म्हणालं, नेमकं कसं म्हणालं, पुन्हा सांग, असं तीन-तीनदा विचारील. मग गाडीची किल्ली शोधेल, बर्निसकडे जायला.

स्वयंपाकघराचं दार उघडेपर्यंत तो घरात आहे, हेच ती धरून चालली होती.