गंगाने पुसलेला मॉनिटर

सोमवारी सकाळी शाळेचं ऑफिस उघडलं, भिंतीवरचं आणि संगणकाचं बटण दाबलं, आणि पडदा काळाच राहिला. मॉनिटरचा हिरवा दिवा लागला होता. खालच्या डब्यातला पंखा रोजच्यासारखा घरघरत होता. पण पडद्यावर एक अक्षर नाही.

मी सुलोचना, डिचोलीतल्या या शाळेची हेडक्लार्क. माहेर पेडण्याचं, आणि तोंड तिथलंच घेऊन आलेली. गोवा राज्य होऊन दहा वर्षं झाली त्या साली शाळेला हा संगणक मिळाला. अख्ख्या शाळेत एकच, आणि चालवणारी मी एकटी. एखादीचा दुभत्या म्हशीवर असतो तसा माझा त्याच्यावर जीव होता. त्याच्या अंगाला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपायचा नाही.

वायरी काढून परत घातल्या. बंद करून चालू केलं. घरी टीव्हीला मारतो तशी बाजूला एक चापट मारली. काही नाही. मग मॉनिटरच्या पाठीवर लक्ष गेलं. वरच्या जाळीपाशी कुंकवाचा एक ओघळ सुकलेला होता.

शुक्रवारी शाळेत सरस्वतीपूजन झालं होतं. पाट्या, पुस्तकं, प्रयोगशाळेचा तराजू, सगळं सरस्वतीपुढे मांडलं होतं, आणि यंदा पहिल्यांदाच संगणकही. त्याची झाडपूस गंगाने केली होती. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. मधे त्याला कोणी शिवलेलं नाही. मला आणखी काय हवं होतं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

गंगा आमची झाडूवाली. दोडामार्गाकडची, नवरा पाळीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. नऊ वर्षं ती शाळेत होती आणि नऊही वर्षं तात्पुरती. आमच्या जनेलाखालून, म्हणजे खिडकीखालून, दिवसभर खनिजाचे ट्रक जातात, तासाभरात टेबलावर लाल थर बसतो. तो थर दिवसातून तीनदा पुसणारी बाई ती. त्याच सोमवारी संध्याकाळी पाच वाजता व्यवस्थापन समितीची बैठक होती आणि तिला कायम करण्याचा ठराव त्या बैठकीत यायचा होता.

ती व्हरांडा झाडत होती. मुलं प्रार्थनेला उभी राहत होती, शिक्षक येत होते. मी तिथेच जाऊन सुरू झाले. पाणी ओतलंस, मशीन मारलंस, अक्कल गहाण टाकली होती का? काय काय बोलले ते आज लिहायची लाज वाटते.

"मी सुक्या फडक्यान पुसलंय, बाईनू," ती म्हणाली. "पाणी लावक नाय."

"मग हा ओघळ कुठून आला? आभाळातून?"

ओघळ भटजींच्या पळीतला होता, हे मलाही समजत होतं. मंत्र म्हणताना त्यांनी सगळ्यावरच शिंपडलं होतं. पण भटजींनी शिंपडलं ते तीर्थ आणि गंगाने पुसलं ते पाणी, असा आमचा हिशेब. तो काही मी एकटीने काढलेला नाही.

गोकुळदास सर, आमचे हेडमास्तर, आवाज ऐकून बाहेर आले. नार्व्याचे, शांत गृहस्थ. त्यांनी काळा पडदा बघितला, ओघळ बघितला आणि हळूच म्हणाले, "सुलोचनाबाय, हें आतांच जावपाचें आशिल्लें? आज सांजेक तिचें नांव वतलें." मग थांबून म्हणाले, "समितीत कोण तरी विचारतलोच. मशीन मोडलां जाल्यार हांव तिचें नांव मुखार काडूंक शकना." म्हणजे मशीन मोडलं असेल तर संध्याकाळी तिचं नाव ते पुढे काढू शकणार नव्हते.

गंगाने ते ऐकलं. व्हरांड्याचा उरलेला अर्धा भाग तिने झाडून काढला.

म्हापशाला फोन केला. परेश म्हणून एक मेकॅनिक होता, जेवणवेळेपर्यंत येतो म्हणाला आणि आला अडीच वाजता. शाळा दीडला सुटली होती. गंगा ऑफिसच्या दारात पायरीवर बसून होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं आणि जा पण म्हटलं नव्हतं.

परेश कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसला, मशीन बंद करून चालू केलं आणि आधी नुसतं ऐकत राहिला. डब्याने एकदाच बीप केलं. "डबो बरो आसा," तो म्हणाला. कीबोर्डवरचं एक बटण दाबून त्याने दिवा लावला, विझवला. मॉनिटरची केबल काढून पिना उजेडात धरल्या. एकही वाकलेली नव्हती. मग केबल परत लावून त्याने मनगटाची मागची बाजू काचेजवळ नेली आणि मला दाखवली. हातावरचे केस उभे राहिले होते.

"काचेंत करंट येता. उदक गेल्लें जाल्यार हें जावचें नाशिल्लें."

म्हणजे पाणी आत गेलेलंच नव्हतं. "मग दिसत का नाही?" मी विचारलं.

मॉनिटरच्या खालच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या खोबणीत, दोन बारीक चाकं असतात. त्यातलं एक त्याने अंगठ्याने फिरवलं. काळ्या पडद्यावर आधी राखाडी, मग पांढरी अक्षरं उगवली. रोजची, जशीच्या तशी. परेश हसायला लागला. "बाय, उजवाड कोणें पालयला?" पडद्याचा उजेड कोणी विझवला, असं तो विचारत होता.

ते चाक बघितलं आणि मला शुक्रवार आठवला.

शुक्रवारी सकाळी मी संगणकाची डिस्क आवरायला, म्हणजे आतल्या विखुरलेल्या फायली नीट लावायला, लावली होती. दोन तास लागतात आणि मधेच बंद करू नका, असं त्यात बजावलेलं असतं. अकराला भटजी येऊन उभे. पूजेला लावलेलं अवजार निजलेलं असावं लागतं, चालतं यंत्र सरस्वतीपुढे ठेवायचं नाही, ते अडून बसले. बंद करता येईना, भटजी ऐकेनात, मुहूर्त जायला लागला. तेव्हा मी खोबणीत बोट घालून ते चाक पार शेवटपर्यंत फिरवलं. पडदा काळा झाला. भटजी खूश झाले, सरस्वती बसली, आणि आत डिस्क आपली आवरत राहिली. पूजेनंतर दसऱ्यापर्यंत अवजाराला शिवायचं नसतं, म्हणून संध्याकाळी जाताना मी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. भिंतीची पूजा झाली नव्हती ना! त्या हुशारीवर मी तेव्हा मनात हसलेही होते.

सोमवारी यातलं काही आठवलं नाही का, असं कोणीही विचारेल. नाही आठवलं. आणि खरं सांगायचं तर आठवून बघितलंही नाही. दोषी माणूस सापडल्यावर कोण डोकं चालवतं!

परेश स्कूटर सुरू करून गेला. सर माझ्या टेबलापाशी आले, पडदा बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. परेशने चाकाचं सांगितलंच होतं. "पुसताना तिचा हात लागला असेल," ते म्हणाले. "जाऊं दी. तिका माहीत नाशिल्लें."

साडेतीन वाजले होते. मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. गंगाचा हात लागला, गंगा अडाणी, गंगाला माफ. कदाचित नावही पुढे गेलं असतं. पण तिच्या नावापुढे कायमचं एक 'पण' लागलं असतं, आणि नऊ वर्षं ते मीच बघत आले होते, प्रत्येक ठरावाच्या वेळी कसला तरी 'पण' निघायचा आणि नाव मागे पडायचं.

"तिचा नाही, माझा हात लागला," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. डिस्क, भटजी, चाक, भिंत.

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरें," ते शेवटी म्हणाले. "तिचं नाव आज जाईल, मी बघतो. पण ही गोष्ट इथेच राहू दे. हेडक्लार्कनेच पूजेत फसवलं म्हटल्यावर समिती दुसरंच काहीतरी काढून बसेल."

सर गेल्यावर मी गंगाला आत बोलावलं. दार लोटलं, कडी घातली. खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. मी म्हटलं, चूक माझी होती, तुझा काही दोष नाही, तुझं नाव जातंय, मला माफ कर. बोलता बोलता मला रडू आलं, ते मात्र खरं होतं.

गंगाने ऐकून घेतलं. मग दाराच्या कडीकडे बघत म्हणाली, "बाईनू, माका आराडलात ती भायर. पोरांच्या समोर, मास्तरांच्या समोर. आता तुमची चूक म्हणतास ती हय, कडी लावन?"

मी पदराने डोळे पुसले.

"उद्या प्रार्थनेक सगळी असतली," ती म्हणाली. स्वतःच कडी काढली आणि बादली उचलून गेली.

संध्याकाळी ठराव झाला. सरांनी रात्री घरी फोन करून कळवलं, आणि पुन्हा एकदा 'ते इथेच राहू दे' म्हणाले. मला झोप आली नाही. समितीची भीती होतीच, पण खरी भीती मुलांची होती. आठवीची पोरं मला नावं ठेवतात ते मला ठाऊक आहे.

मंगळवारी प्रार्थना संपली तशी मी व्हरांड्याच्या पायरीवर गेले. सर चमकले, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, काल या ठिकाणी मी गंगाबाईंना मशीन मोडलं म्हणाले, ते खोटं होतं. पडदा मीच काळा केला होता. त्यांनी पाण्याचा थेंब लावला नव्हता. मी त्यांची माफी मागते.

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले, आणि सवयीप्रमाणे मी खुलासा करायला लागले. डिस्क कशी आवरतात, भटजी कसे अडून बसले, मुहूर्त कसा जात होता.

गंगा घंटेपाशी उभी होती, हातोडी हातात धरून. तिने थोडा वेळ ऐकलं.

"पुरो, बाईनू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पोरांचो तास चुकता." आणि तिने घंटा दिली.