हवेतलं पेट्रोल

मनोहररावांची गाडी रोज सकाळी चालू व्हायची आणि कुठेही जायची नाही.

चहा झाला की ते पोर्चमध्ये यायचे, गाडीवरचं कापड काढायचे, चोक ओढायचे आणि किल्ली फिरवायचे. छोटी पांढरी गाडी. मुलगी नूपुर शाळेत असताना घेतलेली. ती आधी खाकरायची, मग सगळं अंग हलवायची आणि मग एका सुरात लागायची. मनोहरराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचे. बाजूच्या सीटवर प्रयागबाईंची शाल घडी घालून ठेवलेली होती. डायलिसिसच्या खोलीत एसीने थंडी वाजते म्हणून त्या मे महिन्यातही शाल न्यायच्या.

आजारपणात त्यांना धंतोलीच्या दवाखान्यात न्यायचं असलं की मनोहरराव पुढे होऊन गाडी चालू करायला जात. प्रयागबाई भिंत धरत धरत येत आणि येता येता कुरकुर करत. "आधी बाहेर काढा हो गाडी. किती वेळा सांगू?" पोर्चला रस्त्याकडे उतार होता. हँडब्रेक सोडला की गाडी आपोआप फाटकाबाहेर जायची. मनोहरराव तसं करायचे, पण मनात म्हणायचे, आजाराने बाई किरकिरी झाली.

मागच्या पावसाळ्यात प्रयागबाई गेल्या. किरकिर करणारं कोणी उरलं नाही. गाडी पोर्चमध्येच चालू होऊ लागली.

नूपुर पुण्याहून फोन करायची. "बाबा, रजिस्ट्रेशन संपतंय ना आता? देऊन टाका भंगारात. तुम्ही कुठे जाता तिच्यात?"

"थांब थोडी," मनोहरराव म्हणायचे. "नवीन पेट्रोल येऊन राहिलं. मग कोणाची गाडी भंगारात नाही जाणार."

हे नवीन पेट्रोल त्यांना मोबाइलवर सापडलं होतं. दुपारी झोप लागत नसे तेव्हा ते व्हिडिओ पाहत बसत. परदेशात कुठे कुठे थोडं थोडं बनतं, भलतं महाग पडतं, पण बनतं. ते ऐकल्यापासून त्यांना धीर आला होता. चहाच्या टपरीवर ते दुसरं काही बोलतच नसत.

"काय गा मनोहर, आलं का तुहं हवेतलं पेट्रोल?" नत्थू लांबूनच ओरडायचा. दोघांनी कोराडीच्या वीज केंद्रात सगळी नोकरी सोबत काढली होती. रिटायर झाल्यावर मानकापूरच्या एकाच लेआउटमध्ये घरं बांधली होती.

"हसून घे," मनोहरराव म्हणाले. "पाण्यातून हायड्रोजन काढतात, हवेतला कार्बन पकडतात. दोन्ही जोडलं का पेट्रोल तयार. इंजिन तेच, टाकी तीच. जेवढं हवेत सोडलं तेवढंच आधी हवेतून घेतलेलं. म्हणजे हवा जशीच्या तशी."

"अन् हे जोडाले वीज कोठची?"

"उन्हाची. वाऱ्याची."

"आपल्या इथं तर कोराडीची येईन! म्हणजे पहिले कोळसा जाळाचा, त्याच्या विजेनं त्याचाच धूर पकडाचा, त्याचं पेट्रोल कराचं अन् ते तुह्या डब्ब्यात जाळाचं. त्यापेक्षा सरळ कोळसाच टाक ना बे टाकीत! शेगडीवानी चालन."

टपरीवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला, इतकं सगळे हसले. मनोहररावही हसले. पण घरी जाताना त्यांनी मनातल्या मनात नत्थूला उत्तर दिलं. आज नसेल, दहा वर्षांनी येईल. लोक म्हणतात पेट्रोलच्या गाड्या संपल्या. नाही संपणार. आणि नाही संपल्या तर ही गाडी कशाला संपवायची? त्यांच्यासाठी सगळं येऊन थांबायचं ते इथेच.

शेजारी सिंधूताई राहत. मध्ये फक्त कंपाउंडची भिंत. प्रयागबाई गेल्या त्या आठवड्यापासून रोज दुपारी सिंधूताईंचा डबा येत होता. पोळ्या, भाजी, कधी झुणका, कधी पातोडीचा रस्सा. "एका माणसाचा सैपाक काय वेगळा लागते भाऊ?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मुलगा संघपाल मिहानमधल्या कंपनीत नोकरीला होता. सून पिंकी थंडीत बाळंत झाली होती.

संघपालला मनोहरराव भिंतीवरून नवीन पेट्रोलबद्दल सांगत. तो हातात हेल्मेट घेऊन ऐकून घ्यायचा. एकदा त्याने विचारलं, "अन् तोपर्यंत काय काका?"

"तोपर्यंत म्हणजे?"

"काही नाही. गाडी एकदा मेकॅनिकले दाखवली असती तर... धूर जरा जास्त सोडते."

"जुनं इंजिन आहे. तेवढं सोडतेच. आतून लोण्यासारखं आहे, पाह्य." मनोहररावांनी बॉनेटवर थाप मारली. संघपाल हसला आणि ऑफिसला निघून गेला.

मे महिना लागला. सकाळी आठलाच ऊन भाजायला लागलं. नत्थूने खाप्याजवळच्या शेतातले आंबे आणून दिले आणि मनोहररावांना एकदम आठवलं, आपण इतके महिने सिंधूताईंचा डबा रिकामा परत करतोय. प्रयागबाईंनी कोणाचं भांडं कधी रिकामं पाठवलं नव्हतं. निदान साखर तरी टाकायच्या. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी डबा पुन्हा एकदा विसळला, त्यात मावतील तेवढे आंबे भरले, उरलेले पिशवीत घेतले आणि गाडी चालूच ठेवून ते शेजारी गेले. येईपर्यंत इंजिन चांगलं तापेल, असा विचार केला.

दार उघडं होतं. घरातलाच माणूस असल्यासारखे ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथेच थांबले.

आत भट्टी झाली होती. सिंधूताई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. पदर, ब्लाउज, सगळं घामाने भिजलेलं. चेहरा लाल. गॅसमुळे पंखा बंद होता. आणि खिडकी बंद होती. नुसती बंद नाही, तिच्या फटींत ओली फडकी कोंबली होती, खालपासून वरपर्यंत. काचेवर बाहेरून काळं बसलं होतं. त्या काचेपलीकडून घरघर ऐकू येत होती. ती त्यांच्याच गाडीची होती, हे कळायला मनोहररावांना क्षणभर लागलं. आपल्या गाडीचा आवाज त्यांनी या बाजूने कधी ऐकला नव्हता.

"अरे, भाऊ! बसा ना समोर, इथं कुठं गरमीत आले?" सिंधूताईंनी घाईने पदराने तोंड पुसलं.

"खिडकी काहून लावली ताई? एवढ्या गरमीत?"

"ते... चिमण्या येतात भाऊ. लय कचरा करतात."

पिंकी आतल्या खोलीतून बाळाला खांद्यावर घेऊन आली. बाळ खोकलं. बारीक, कोरडा खोकला.

"कोठच्या चिमण्या आई?" ती म्हणाली. "काका, तुमच्या गाडीचा धूर येते. रोज. बाळाले घेऊन मी सकाळभर मागच्या खोलीत बसतो. डॉक्टर म्हणते घरात कोण बिडी पिते का."

"गप वं!" सिंधूताई ओरडल्या. "मोठ्या माणसासमोर काही बोलत राहते."

मनोहररावांच्या हातात आंब्यांचा डबा होता. काहीतरी बोलायला हवं होतं. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "ते नवीन पेट्रोल आलं ना, का मग धूर..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पण अर्धं बाहेर पडलं होतं. पिंकी त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावलीसुद्धा नाही, बाळाची पाठ चोळत राहिली.

आणि ते खरंही नव्हतं. सगळा जन्म बॉयलरपाशी गेलेल्या माणसाला काय जळतंय ते धुराच्या रंगावरून कळतं. हा धूर निळा होता. इंजिनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि आतलं ऑइल जळत होतं. टाकीत हवेतलं पेट्रोल टाका नाहीतर अमृत टाका, हा धूर असाच आला असता. हे मनोहररावांना वर्षभर माहीत होतं. त्यांनी फक्त मागे वळून पाहिलं नव्हतं.

"सांगितलं काहून नाही ताई?" त्यांनी खाली बघत विचारलं.

सिंधूताईंनी गॅस बारीक केला. "कसं सांगाचं भाऊ? तुम्ही गाडीत बसून राहता, वहिनीची शाल बाजूला. आम्हाले दिसते ना भिंतीवरून. वर्ष तर होऊ द्यावं म्हटलं." मग त्या म्हणाल्या, "वहिनी होत्या तवा तुम्ही गाडी रस्त्यावर नेऊन चालू करत होते. त्याच न्यायले लावत होत्या. मले म्हणत, सिंधू, तुह्या खिडकीत धूर जाते, मी आमच्या ह्यायले सांगतो."

मनोहररावांनी डबा ओट्यावर ठेवला. पिशवी ठेवली. जातो असंही न म्हणता ते बाहेर पडले.

पोर्चमध्ये निळा धूर साचला होता. सायलेन्सरचं तोंड नेमकं त्या खिडकीखाली होतं आणि भिंत तिथे हातभर काळी झाली होती. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी बंद झाली. मग ते सीटवर बसले नाहीत. शालीकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

रोज सकाळी बायकोसाठी म्हणून ते जे करत होते, तेच करू नका असं ती शेवटपर्यंत सांगत होती.

त्यांना कोराडीची कॉलनी आठवली. वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर बारीक राख बसायची. प्रयागबाई एकेक कपडा झटकायच्या आणि पुन्हा धुऊन वाळत टाकायच्या. ते ड्यूटीवरून आले की ताट वाढायच्या. राखेबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. नवऱ्याची नोकरी तिथे होती. तेव्हा मनोहररावांना ते साधं वाटलं होतं. आज सिंधूताईंची ओली फडकी बघून आल्यावर त्यांना ते कपडे झटकणं दिसायला लागलं आणि दिसायचं थांबेना.

त्या दुपारी डबा आला. त्यांनी तो उघडला, पोळ्या बघितल्या, त्या कशा गरमीत लाटल्या ते बघितलेलं होतं. बराच वेळ घास उचलेना. न खाता परत पाठवला असता तर ते आणखी वाईट झालं असतं. म्हणून खाल्लं, सगळं खाल्लं.

संध्याकाळी त्यांनी नूपुरला फोन केला. "भंगारवाल्याचं बघ म्हणत होतीस ना. बघ."

"काय झालं बाबा? अन् तुमचं नवीन पेट्रोल?"

"येईन तवा येईन," ते म्हणाले.

गाडी न्यायला ट्रक आला तेव्हा नत्थू हजर होता. संघपालही ऑफिसला जायचा थांबला होता. मनोहररावांनी शाल आधीच काढून आत ठेवली होती. ट्रकवाल्याने फळ्या लावल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला. "चाचाजी, इंजन चालू है ना? स्टार्ट करके चढा देता हूं, दो मिनट का काम."

नत्थू म्हणाला, "कर ना मनोहर तूच. शेवटचं ऐकून घे."

मनोहररावांना ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. त्यांनी शेजारच्या खिडकीकडे बघितलं. काचेच्या फटीत फडकी अजून तशीच होती. सवयीने ठेवली असतील, किंवा आपला भरवसा नसेल.

"नाही," ते म्हणाले. "धक्का मारू."

त्यांनी हँडब्रेक सोडला. उतारावरून गाडी आवाज न करता फाटकाबाहेर गेली, प्रयागबाई सांगायच्या तशी. मग तिघांनी मागून जोर लावला. फळ्यांवर ती दोनदा घसरली. नत्थूने शिव्या दिल्या, संघपाल म्हणाला, "काका, तुम्ही बाजूले व्हा, आम्ही करतो." ते बाजूला झाले नाहीत.

ट्रक गेल्यावर त्यांनी बादलीत पाणी घेतलं, साबणाचा चुरा टाकला आणि खिडकीखालची भिंत घासायला बसले. काळं निघेना, नुसतं पसरायला लागलं. ते घासत राहिले. वरती फडकी ओढल्याचा आवाज आला, मग कडी. खिडकी इतक्या महिन्यांची बसलेली, एका झटक्यात उघडली नाही. दुसऱ्या झटक्याला उघडली आणि आतून फोडणीचा वास आला.

"भाऊ," सिंधूताई म्हणाल्या, "राहू द्या ते. डबा पाठवू का?"

मनोहररावांनी वर बघितलं नाही. "पाठवा," ते म्हणाले, आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.