कॉफीबरोबरची धरत नाहीत

सर्बियातल्या आमच्या पिरोत गावात माणसाला काहीही झालं तरी कारण एकच असतं: समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या आणि वाऱ्याचा झोत लागला. उपायही एकच, राकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू. पोट दुखलं तर पोटात, गुडघा दुखला तर गुडघ्यावर. बत्तीस वर्षं मी औषधाच्या दुकानात उभी आहे आणि या दोन गोष्टींशी भांडून माझा घसा बसलाय.

तियाना दोन वर्षं हनुवटीवर राकियाच चोळत होती. सदतीस वर्षांची, दोन मुलांची आई, पोस्टात खिडकीवर बसते. जबड्याच्या कडेने मोठे दुखरे फोड, पाळीच्या आधी तर हटकून. पेन्शन घ्यायला येणारे म्हातारे विचारायचे, "काय गं, परत आठवीत बसलीस वाटतं?" ती हसायची. मला ते हसू बघवत नसे.

सप्टेंबरात तिच्या जिवलग मैत्रिणीचं लग्न होतं आणि तियाना तिची कुमा, म्हणजे चर्चमध्ये नवरीला खेटून उभी राहणारी साक्षीदार. प्रत्येक फोटोत नवरीशेजारी हाच चेहरा येणार. या मानाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. तियाना मात्र नाही म्हणायच्या बेतात होती.

मे महिन्यात ती डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन आली. गर्भनिरोधक गोळ्या होत्या. बाईच्या अंगातही थोडे पुरुषी हार्मोन असतात, चेहऱ्यावरचं तेल तेच वाढवतात. या गोळीने त्यांचा जोर ओसरतो.

"सिगारेट ओढतेस?" मी विचारलं.

"छे!"

"डॉक्टरीणबाईंनाही हेच सांगितलंस?"

"हेच. का हो, वेरिकामावशी?"

मी डबी दिली. दहा मिनिटांनी सहज बाहेर डोकावले, तर समोरच्या कॅफेत बाईसाहेब सासूबरोबर बसल्या होत्या आणि दोघींच्या डोक्यावर धूर. मी पांढऱ्या कोटातच रस्ता ओलांडला आणि टेबलावरची गोळ्यांची डबी उचलली.

"हे काय आहे तुझ्या हातात?"

"ही?" तियानाने सिगारेटकडे पाहिलं. "ही कॉफीबरोबरची. ती धरत नाहीत."

"रस्त्यातून फुंकत जाते ती ओढणारी," सासू स्तोयांका म्हणाली. "ही बिचारी नुसती कॉफी पिते."

"रक्ताला कॉफी दिसत नाही, स्तोयांका! पस्तिशीनंतर ही गोळी आणि सिगारेट एकत्र आली की रक्तात गुठळी व्हायची भीती वाढते. पायात होते, तिथून फुप्फुसात जाते. मेंदूतही होते. हिची दोन पोरं तू सांभाळणार आहेस का?"

जरा जास्तच बोलले. पण मला राग आला होता, आणि राग कशाचा तर डबी मीच दिली होती.

तियानाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजपासून सोडते. द्या ती."

"सोड, उत्तमच. पण डबी आज मिळणार नाही. बाईंना फोन कर आणि खरं सांग. दुसरी औषधं आहेत."

"खोटं बोलले म्हणून सांगू? मला नाही जमायचं." तिने गळ्यातला स्कार्फ वर ओढून हनुवटी झाकली. "राहू दे हा चेहरा. नवरीला म्हणावं, दुसरी कुमा बघ."

स्तोयांकाने सिगारेट विझवली. बराच वेळ थोटूक राखेत दाबत राहिली.

"ही लग्न होऊन आली ना," ती मला म्हणाली, "तेव्हा सहा महिने ओट्यापाशी उभ्यानं कॉफी प्यायची. माझ्यासमोर बसायला घाबरायची. शेवटी मीच एक पेटवून हिच्या हातात दिली. म्हटलं, बस आता माझ्यापाशी. तेव्हा बसली. त्याआधी हिनं कधी शिवलीसुद्धा नव्हती."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

स्तोयांकाने सुनेच्या पर्समधून चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि स्वतःच्याच फोनवर नंबर फिरवला. कानाने कमी ऐकते, स्पीकर लावूनच बोलते, त्यामुळे पलीकडचं बोलणं अख्ख्या कॅफेने ऐकलं.

"मी तियानाची सासू. माझी सून सिगारेट ओढते. तिच्यावर रागावू नका, सवय मी लावलीय."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ती गोळी सुरू करू नका म्हणाल्या. दुसरी एक गोळी आहे, मूळची रक्तदाबाची. ती पुरुषी हार्मोनला त्वचेपाशीच अडवते. सावकाश काम करते, तीन-चार महिने धीर धरावा लागेल. आधी रक्त तपासू. आणि ती चालू असताना दिवस जाता कामा नयेत.

"तांबी आहे," तियाना पुटपुटली.

"तांबी आहे!" स्तोयांका ओरडली. शेजारच्या टेबलावरचा माणूस वर्तमानपत्रात तोंड घालून बसला.

"मग सोमवारी या. आता खरं सांगा, दिवसाला सिगारेटी किती?"

"आई ओढतात तेवढ्या," तियाना म्हणाली. "आम्ही बरोबरच बसतो."

"आणि आई किती ओढतात?"

पन्नास वर्षांत स्तोयांकाला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने फोन टेबलावर ठेवला आणि बोटं मोजायला घेतली. उठल्या उठल्या एक. पोरं शाळेत गेली की दोन. एक हात संपला, दुसराही संपला. मग तिने सुनेचा हात मांडीवर ओढून घेतला आणि तिच्या बोटांवर पुढे मोजू लागली.